खडीच्या वाटेवरची अंडी

माळ जाऊन तिथे गोल्फचं मैदान झालं, तेव्हाची ही गोष्ट. मैदानातल्या खडीच्या वाटेवर एका टिटवीने अंडी घालायचं ठरवलं.

सरडा म्हणाला, "टिटवीताई, इथून गाड्या जातात. दुसरी जागा बघ."

टिटवी हसली. "इथली माणसं फार मायाळू आहेत रे. चेंडू वाटेवर पडला, तर तसाच खडीवरून मारत नाहीत. हळूच उचलतात, पुसतात, शेजारच्या गवतावर सोडतात. खेळात त्याबद्दल दंडसुद्धा नाही. निर्जीव चेंडूची एवढी काळजी, मग माझ्या अंड्यांत तर जीव आहे!"

तिने तिथेच अंडी घातली. एका सकाळी चेंडू येऊन नेमका अंड्यांना टेकला. मागोमाग गाडीतून दोन साहेब उतरले. टिटवी ओरडणारच होती. पण ते मायाळू हात बिचकतील, म्हणून ती गप्प बाजूला सरली.

"खानोलकर, इथे अंडी आहेत हो."

"असू द्या. नियमाने चेंडू उचलता येतो."

खानोलकरांनी अंड्यांना धक्का न लावता दोन बोटांनी चेंडू उचलला, रुमालाने पुसला, गवतावर सोडला आणि झकास टोला हाणला. मग दोघे गाडीत बसले आणि गाडी वाटेने सरळ पुढे गेली.

चिरडलेल्या टरफलांवर उभी राहून टिटवी आक्रोश करू लागली.

खानोलकरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हाकला हो तिला. ऐन खेळात अपशकुन नको."