बनचा चौथा तुकडा

समुद्राकाठच्या एका गावात फिलू नावाची एक चिमुरडी राहत होती. बाप होडीसकट बुडालेला, आई तापानं अंथरुणाला खिळलेली. तीन दिवस घरात चूल पेटली नव्हती. गुड फ्रायडेच्या सकाळी वैद्यबुवा आईची नाडी सोडून म्हणाले, "आता आभाळातल्या बापाच्या हाती!" आणि चालते झाले. शहाण्यांना तेवढंच बरं जमतं!

चर्चमधलं लाकडी खटखटं वाजत होतं. फिलू रडत रडत मोगऱ्याच्या वाडीत शिरली.

तिथं टपोऱ्या कळीवर बोटभर परी बसली होती. पंख सोनेरी, अंगाला दालचिनीचा वास. शेजारी तिच्याहून मोठा, गुड फ्रायडेला खातात तसला मसाल्याचा गोड बन! तांबूस गाल, इवलेइवले मनुके, माथ्यावर पांढरा क्रूस.

"काय हवं, बाळा?"

"माझी आय जगू दे."

"मग हा बन तिला भरव. पण वाटेत भुकेल्याला नाही म्हणायचं नाही. आणि चर्चची घंटा व्हायच्या आत घास तिच्या तोंडात जायला हवा."

घंटा रोज बाराला व्हायची. फिलू पळत सुटली.

विहिरीपाशी एक बोळका म्हातारा बसला होता. "पोरी, दोन दिवस पोटात काही नाही गं."

फिलूनं क्रूसाच्या रेघेवर एक तुकडा मोडला, पाण्यात भिजवून भरवला. म्हाताऱ्यानं आणखी मागितलं. दुसरा गेला, तिसराही गेला. फिलूला त्याचा रागच आला, तरी तिनं हात आखडला नाही. वर पाहते तो सूर्य डोक्यावर!

"बारा वाजले! माझी आय गेली!" तिनं हंबरडा फोडला.

"घंटा ऐकलीस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

फिलूला एकदम आठवलं. गुड फ्रायडेला घंटा वाजतच नाही! येशूच्या दुःखात ती ईस्टरपर्यंत मुकी असते, म्हणून तर सकाळी खटखटं वाजत होतं. भीतीपायी पोर सगळं विसरली होती.

म्हाताऱ्याच्या पाठीवर सोनेरी पंख लखलखले, उजेडाचा लोट उठला आणि विहिरीवर दालचिनीचा वास तेवढा उरला.

घरी फिलूनं चौथा तुकडा भिजवून आईच्या ओठांत सारला. आई गिळेना.

"आय, गिळ गं!"

खूप वेळानं घसा हलला.

ईस्टरच्या पहाटे घंटा झाली. फिलू दचकून उठली. आईचं अंथरूण रिकामं! तेवढ्यात चुलीजवळून आवाज आला, "ऊठ गं बाय, लाकडं आण. चूल पेटवायचीय."

फिलूच्या घरावर धूर दिसला, तसा साऱ्या उपाशी घरांवर दिसो.