पहिल्या ओळीकडे परतणारी बाई

फार मागची गोष्ट. माणसं तेव्हाही थोडक्यात सांगण्यासारखं लांबलचक लिहीत. एका राजाकडे अर्ज वाचायला एक तरुण बाई होती. नवरा दूर सरहद्दीवर. घरात ती आणि तिची लहान लेक. ‘अर्ज वाचताना आपल्या हातून एखाद्या गावाचं मागणं निसटलं तर?’ या धास्तीने तिचा डोळा लागत नसे.

अर्जातले नमस्कार, बिरुदं, स्तुती बाजूला सारून नेमकं मागणं काढायची रीत तिने स्वतःच बसवली होती. एक गोष्ट सापडली की ती परत पहिल्या ओळीपासून वाची. न जाणो, काही सुटलं असेल! अर्ज दहा ओळींचे, म्हणून काम झटपट होई. राजाने तिला शाबासकीही दिली होती.

मग दुष्काळ पडला. डोंगरातल्या चाळीस गावांनी मिळून एकच अर्ज धाडला. उलगडला तर दालनाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! बाहेर पाण्याच्या गाड्या जुंपून उभ्या. बाई काढेल त्या यादीत नाव येईल त्याच गावाला गाडी जायची.

दुपार कलली तरी नऊच गावं झाली होती. जितकी ती पुढे जाई, तितकं मागे फिरणं लांबत जाई.

म्हातारे चिटणीस डोकावले. “बाई, दोघं देऊ का मदतीला?”

“त्यांना माझी रीत कळायची नाही,” ती म्हणाली. खरं तर, रीत सांगितली आणि कुणी हसलं तर, ही भीती. चिटणीस गेले. एवढ्या मोठ्या दालनात ती पुन्हा एकटी.

लेक कोपऱ्यात चिंचोके खेळत होती. “आई, हे गाव तू मघाशीच वाचलंस की.”

“खात्री करतेय गं.”

“मग हे घे.” पोरीने नवव्या गावाखाली चिंचोका ठेवला. “इथवर झालं.”

पहिल्या ओळीकडे निघालेलं बाईचं बोट अडलं. खूण असली तर मागे फिरायला नको, आणि पुढचं दुसऱ्यालाही वाचता येईल! मग तिने दारातून हाक मारली, “चिटणीसकाका, त्या दोघांना पाठवा. आणि कात्री आणा.”

जिथे एका गावाचं संपत होतं तिथे अर्ज कापून तिने तीन तुकडे केले. रीत चार वाक्यांत सांगून झाली.

“एवढंच?” चिटणीसांनी विचारलं.

“एवढंच हो,” ती म्हणाली. लाजही वाटली आणि हलकंही.

दिवस मावळायच्या आत यादी पुरी झाली. चाळीसही गावांना पाणी पोचलं. शेवटच्या गावाला मात्र दोन गाई दगावल्यावर.

म्हणून मंडळी, झालेल्या वाटेवर खूण ठेवावी आणि वाट दुसऱ्यालाही दाखवावी. दर पावलाला उंबरठ्याशी परतणारा कुणाच्याच मदतीला वेळेवर पोचत नाही.

संध्याकाळी बाईने लेकीला पोटाशी धरलं. “आज तुझ्यामुळे गावं वाचली, बाय.”

लेक म्हणाली, “माझा चिंचोका कुठंय?”