नऊ माणसं आणि आवनेर

“पण आबा, दहावा आलाच नाही तर?”

विचारणारा आवनेर वाक्रुळकर, आमच्यातलाच. मुंबईत नाटकं लिहितो. आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांवर त्यानं नवं नाटक लिहिलं होतं. गुरुवारी पहिला प्रयोग, आणि शेवटचा प्रवेश अजून जमत नव्हता. म्हणून शनिवारी सकाळी तो आमच्या खेड्यातल्या सिनेगॉगमध्ये आला.

“प्रार्थनेला नाही हां आबा, नुसता बघायला आलोय,” असं त्यानं दारातच सांगितलं होतं.

मुसाआबा आमचे हझान. प्रार्थना तेच चालवतात.

“दहावा नाही आला, तर कद्दीश होत नाही,” आबा म्हणाले.

कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. तिला आमच्यातले दहा पुरुष हजर लागतात.

“मग काय करता?”

“बसतो थोडा वेळ. मग घरी जातो.”

“असं किती दिवस?”

आबांनी शालोमकडे पाहिलं.

“याचा बाप जाऊन आठ महिने झाले.”

शालोम मान खाली घालून बसला होता.

आवनेर ताडकन उठला. बोट रोखून आम्हाला मोजू लागला. एक, दोन, तीन…

“माणसं मोजू नयेत रे,” दाऊदकाका म्हणाले. “आजानं शिकवलं नाही का तुला?”

“नऊ!” तो ओरडलाच. “आबा, सापडला! शेवट सापडला! नऊ माणसं. एक जागा रिकामी. सगळे दाराकडे बघतायत… आणि पडदा!”

त्यानं खिशातून पेन काढलं.

“आज शनिवार, विसाव्याचा पवित्र दिवस,” आबा म्हणाले. “आज लिहायचं नाही.”

“विसरेन हो आबा!”

“विसरलास तर विसरलास… तुझ्या नाटकात तो दहावा येतच नाही?”

“छे! येताच कामा नये. तो आला तर माझं नाटक मेलं.”

आबा उठले.

आवनेरचा दंड धरून त्याला आमच्यात आणून उभं केलं. आपल्या प्रार्थनेच्या शालीचं एक टोक त्याच्या खांद्यावर टाकलं.



“ऊठ, शालोम,” आबा म्हणाले. “कद्दीश म्हण. याचं नाटक मेलं तर मरू दे.”