पुढच्या पिल्लांसाठी कुलूप

एका राज्यात सोढल नावाचा तरुण दिसेल त्याला विचारीत असे, "माझ्या दादाला दाराशी एकट्याला का सोडलंत?" लोक वाट बदलून निघून जात.

त्या राज्यात कुलपांना किल्ल्या नसत. गुप्त अक्षरे ओळीने उच्चारली की दार बंद होई, तीच पुन्हा उच्चारली की उघडे. अशाच एका गुहेत पांढरी थंडी कोंडलेली होती. सोढलचा थोरला भाऊ जैत्र, राजाचा कुलूपदार, याने तिला पाच अक्षरांचे कुलूप घातले. रीतीप्रमाणे दरबारातल्या मैना ते उघडून पाहण्यासाठी दिवसभर अक्षरे जुळवून थकल्या, नगारा वाजला, कुलूप पक्के ठरले.

पण थंडी सोडवायला टपलेल्या एका मांत्रिकाच्या मैना दरवर्षी दुप्पट होत. एके दिवशी त्यांना अक्षरे जुळली. थंडी सुटली, अर्धे नगर उभ्या जागी गोठले. जैत्राने पाठीने दार लोटून धरले आणि तिथेच त्याचा प्राण गेला.

"सहा अक्षरं घाल," भावाच्या जागी सोढलला कुलूपदार नेमून राजा म्हणाला.

सोढल तलवार उपसून मांत्रिकाच्या मैनांवरच धावला. एक म्हातारी मैना फांदीवरून हसली. "वेड्या, तू मारून दमशील, आम्ही अंडी घालून दमणार नाही."

"मग काय करू?"

"माझीही पिल्लं गोठलीत, म्हणून सांगते. थंडी किती काळ कोंडायची?"

"शंभर वर्षं. मग ती आपोआप विरेल."

"तोवर आम्ही किती होऊ?"

सोढल हिशेबासाठी एकेका वर्षाचे दुप्पट दाणे मांडू लागला. कोठार संपले, वर्षे संपेनात.

"घाबरू नकोस. एक अक्षर वाढलं, तर तुला एक उच्चार जास्त. वर्णमाला पन्नास अक्षरांची, म्हणून आम्हाला पन्नासपट कष्ट. आणि आम्ही नवी युक्ती शिकलो तर?"

"त्यासाठी आणखी थोडी अक्षरं!"

"शिकलास."

सोढलने बिनअर्थाची तीस अक्षरे निवडली.

राजा म्हणाला, "अरे, एवढं म्हणेतो माझी दाढी पिकेल!"

"पिकू द्या, महाराज. नातवंडं तरी जगतील."

दादाशेजारी दाराला पाठ लावून सोढल अक्षरे म्हणू लागला. थंडी गुडघ्यांवर चढली, कमरेला भिडली. तिसावे अक्षर उच्चारताच दार बसले.

नगरातली माणसे शिंकत उठली. पिल्ले चिवचिवली. चुली पेटल्या. जैत्र उठला नाही.

सोढलने त्याला पाठीवर घेऊन उन्हात आणले, कोमट तेलाने त्याचे हातपाय चोळले, ताठलेली बोटे एकेक करून सोडवली आणि मग चितेला अग्नी दिला.