जाणीव पुढे की मागे?

"डोकं उघडा आणि आत बघा!" राजा शूरपाल सिंहासनावरून ओरडला. "जाणीव कुठे असते ते मला कळलंच पाहिजे!"

झालं होतं असं. एकदा भर दरबारात महाराजांचा डोळा लागला. जाग आल्यावर त्यांनी विचारलं, "आत्ता माझी जाणीव कुठे गेली होती? आणि एरवी ती डोक्यात नेमकी असते कुठे?"

"कपाळामागे!" गोपाळशास्त्री म्हणाले.

"छे! डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर!" वामनशास्त्री म्हणाले.

तेव्हापासून लोक एकाला पुढचे शास्त्री म्हणू लागले, दुसऱ्याला मागचे.

पुढचे शास्त्री माणसाच्या कपाळाशी मोरपीस धरत. पीस हललं की आत जाणीव आहे! मागचे शास्त्री मानेशी पाण्याची वाटी धरत. पाणी हललं की आत जाणीव आहे! प्रयोगांवर प्रयोग झाले आणि प्रत्येक प्रयोगात दोघेही जिंकले. पीस हललं नाही, तर पुढचे म्हणत, "जाणीव विचारात गढली आहे." पाणी हललं नाही, तर मागचे म्हणत, "वा! किती शांत जाणीव!" शिष्य वाढले, मुदपाकखान्यातला तुपाचा खर्च वाढला, पण उत्तर काही मिळेना. शेवटी महाराजांचा धीर सुटला.

"पण डोकं कोणाचं उघडायचं, महाराज?" प्रधानांनी चाचरत विचारलं.

महाराजांनी खिडकीतून पाहिलं. बागेत म्हातारा बारकू माळी झाडाखाली घोरत होता.

"त्याचं! नाहीतरी तो ते फारसं वापरत नाही!"

बारकूची मुलगी ठकू तेव्हा दरबारात फुलं घेऊन आली होती. फुलांची परडी खाली ठेवून ती पुढे आली.

"खुशाल उघडा, महाराज," ती म्हणाली. "पण आत बघूनही हे दोघं भांडतच राहिले, तर पुढचं डोकं कोणाचं?"

दरबारातल्या प्रत्येकाचा हात आपापल्या पगडीकडे गेला.

"फार बोलतेस!" महाराज गरजले. "मग न कापता तूच दाखव, या दोघांत खरा कोण! उद्या दुपारपर्यंत. नाहीतर तुझ्या बापाचं डोकं उघडणार!"

बारकूला कोठडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी ठकूने दरबारात एक बाज आणवली. बाजेवर पांघरूण होतं, पांघरुणाबाहेर पागोटं, आणि पागोट्याखाली तोंडावर पातळ मलमल.

"इथे काय आहे ते मी सांगणार नाही," ठकू म्हणाली. "आत जाणीव आहे की नाही, ते तुम्ही सांगा. पण आधी सांगा, काय झालं तर तुम्ही हार मानाल?"

"हार?" पुढचे शास्त्री चमकले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता!

"बोला!" महाराज म्हणाले.

"जिथे जाणीव नाही तिथे माझं पीस हललं, तर मी हरलो," पुढचे पुटपुटले.

"माझ्या पाण्याचंही तेच," मागचे म्हणाले.

पुढचे शास्त्री वाकले. त्यांच्याच श्वासाने पीस थरथरलं. "आहे! फार तल्लख जाणीव आहे! मनात कविता चालली आहे!"

मागच्या शास्त्र्यांनी वाटी धरली. त्यांच्याच हाताच्या कंपाने पाणी हललं. "आहे! आणि मागेच आहे! कविता नाही, वेदान्त!"

ठकूने मलमल ओढली. पागोट्याखाली एक भला मोठा कोहळा होता!

दरबारात हसू फुटलं. पण मागचे शास्त्री सावरले. "मग कोहळ्यालाही जाणीव असते, हा नवाच शोध लागला म्हणायचा!"

"थांबा!" महाराज दरडावले. "पोरी, दोघं खोटे ठरले, मान्य. पण जाणीव कुठे आहे ते मला कळलंच नाही!"

"मलाही ठाऊक नाही, महाराज. पण आपापल्या डोक्यात ती नेमकी कुठे आहे, हे या दोघांना पक्कं ठाऊक आहे. एकाचं डोकं उघडा, दुसरा आत बघून सांगेल!"

"मला ठाऊक नाही!" दोन्ही शास्त्री एका दमात किंचाळले.

महाराज आधी गालात हसले, मग पोट धरून हसले, मग त्यांचा मुकुट घरंगळत पायरीवर गेला. "अरे, इतक्या वर्षांत यांचं पहिल्यांदाच एकमत झालं!"

त्यांनी बारकूला सोडलं आणि नदीकाठची बाग ठकूच्या नावे करून दिली. शिवाय हुकूम निघाला: यापुढे दरबारात कोणीही नवा सिद्धांत घेऊन आला, तर त्याने आधी ठकूला भेटावं आणि आपण कधी हरणार ते सांगावं!