ठकू बोलत का नव्हती?

ज्या काळाची मोजदाद आता कुणापाशी नाही, त्या काळी एका टेकडीच्या पायथ्याशी विणकरांचे एक गाव होते.

गावात घरोघर माग होते. सकाळ झाली की धोटे चालू लागत आणि त्यांची खटखट थेट वेशीपर्यंत ऐकू येई. तिथली लुगडी दूरदूरच्या बाजारात नावाजली जात. पण गावकऱ्यांना विचारलेत, तर ते लुगड्यांची गोष्ट मागाहून काढत. आधी छाती पुढे करून सांगत, "आमच्या गावात खेळघर आहे आणि पाठशाळाही आहे. अशी जोडी पंचक्रोशीत शोधून सापडायची नाही!"

खेळघर म्हणजे येसूमावशीचे अंगण. आईबाप मागावर बसले की दुडदुडणारी सगळी पोरे तिथे जमत. कुणी झोक्यावर, कुणी मातीत, कुणी मावशीच्या मांडीवर. मावशीला प्रत्येकाचे नीट ठाऊक असे. कोण भाकरीचा पापुद्राच खातो, कोण पदर धरल्याशिवाय झोपत नाही, कोण रुसले की ओसरीच्या खांबामागे जाऊन बसते.

पाठशाळा होती वर, टेकडीवर. दगडी भिंती, उंच दार, आणि आत पांढऱ्या दाढीचे, खणखणीत आवाजाचे गुरुजी. त्यांचे शिष्य राजाच्या दरबारापर्यंत पोचले होते.

दसऱ्याला पाटीपूजन होई आणि पाच वर्षांची झालेली मुले खेळघरातून पाठशाळेत जात. चढण काही मोठी नव्हती. पण त्या दिवशी सबंध टेकडी रडण्याने भरून जाई. मूल पाटी पाहण्यात गुंतले की आई डोळा चुकवून निघून जाई. मग मूल वळून पाही, आई नाही, आणि हंबरडा फोडी.

"रडतील चार दिवस आणि होतील गप्प," लोक म्हणत.

बहुतेक गप्प होतही. पण दर साली एखादे मूल असे निघे, की जे गप्पच राही. पाठशाळेचा जुना नियम होता : गुढीपाडव्यापर्यंत ज्याचे तोंड उघडले नाही, त्याला घरी पाठवायचे. मग ते मूल आयुष्यभर मागाशेजारी बसून धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरी, सूत गुंडाळी, आणि अक्षर त्याच्या वाटेला कधी येत नसे.

"विद्या काय सगळ्यांच्या नशिबी असते?" असे म्हणून लोक तो विषय मिटवत.

अशाच एका साली खेळघरातून ठकू वर जाणार होती. ही ठकू म्हणजे हरबा विणकर आणि गोदा यांची लेक. तिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे.

"मावशी, चंद्र दिवसा कुठे झोपतो? त्याला कोण थोपटतं?"

"मावशी, मुंगीला शिंक आली तर वारूळ हलतं का?"

मावशी हसून हसून बेजार होई आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "ही पोर वर जाऊ दे, गुरुजींनाच चार गोष्टी शिकवील बघा!"

दसरा आला. गोदेने लेकीची वेणी घातली, तिला वर नेले आणि रिवाजाप्रमाणे डोळा चुकवून खाली आली. ठकूने वळून पाहिले. आई नव्हती. पण ठकू रडली नाही. तिने ओठ घट्ट मिटले आणि चटईच्या कडेला जाऊन बसली.

ती त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. गुरुजी काही निष्ठुर नव्हते. ते तिच्याजवळ येऊन विचारत, "बाळ, हे कोणतं अक्षर?" ठकू पाटीकडे बघे, गुरुजींकडे बघे आणि ओठ आणखी मिटून घेई.

शेवटी गुरुजींनी हरबाला बोलावले. "पोर गुणी आहे," ते म्हणाले, "पण बोलत नाही. पाडव्यापर्यंत वाट बघू."

हरबा घरी येऊन एवढेच म्हणाला, "भरील कांड्या. आपण तरी कुठे शिकलो होतो?" गोदा रंगाच्या हंड्यात सूत ढवळत राहिली आणि तिचे डोळे गळत राहिले.

ही गोष्ट येसूमावशीच्या कानावर गेली. "माझी ठकू? आणि बोलत नाही?" तिने पदर खोचला आणि ती टेकडी चढू लागली.

इतकी वर्षे तिच्या अंगणातली मुले वर गेली होती, पण ती स्वतः कधी वर गेली नव्हती. गुरुजीही कधी खाली खेळघरात आले नव्हते. दाराशी उभी राहून ती म्हणाली, "गुरुजी, तुमच्याकडची मुकी ठकू मला ठाऊक नाही, आणि माझ्याकडची बोलकी ठकू तुम्हाला ठाऊक नाही. पोर मात्र एकच आहे. एकदा खाली येऊन बघा."

शिष्यांनी श्वास रोखला. गुरुजींना असे खाली बोलावण्याची कुणाची छाती नव्हती. गुरुजींनी दाढीवरून हात फिरवला. त्यांना राग येता येता राहिला, कारण मावशीच्या आवाजात हट्ट नव्हता, काळजी होती.

"उद्या अमावास्या, पाठशाळा बंद," ते म्हणाले. "येतो."

दुसऱ्या दिवशी ठकू खेळघरातच आली होती. गुरुजी फाटकाशी पोचले आणि तिथेच थबकले. आतून एक किनरा आवाज येत होता.

"हा बघा 'ग'. हा म्हातारा आहे, म्हणून काठी घेऊन उभा राहतो. आणि हा 'ठ'. त्याचं पोट भरलंय, म्हणून गोल झालाय. माझ्या नावात तोच पहिला!"

ठकू मातीत बोटाने अक्षरे काढत होती आणि भोवती बसलेली चिमुरडी पोरे माना डोलावत होती. गुरुजी थक्क झाले. आजवर पाठशाळेत शिकवलेले एकूण एक अक्षर त्या मातीत उमटले होते. जी पोर काही शिकत नाही असे त्यांना वाटत होते, तिने सगळेच उचलले होते.

अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला. न राहवून ते आत गेले. त्यांना पाहताच ठकूने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

गुरुजी धोतर सावरून खाली मातीतच बसले. "बाळ, किती छान सांगत होतीस! मग तोंडावर हात का?"

ठकूने मावशीच्या कानात काही सांगितले. ते ऐकून मावशीचा चेहरा उतरला.

"काय म्हणते ती?" गुरुजींनी विचारले.

"म्हणते, गुरुजी तोंडाला कुलूप लावतील." मावशीची मान खाली गेली. "माझंच बोलणं आहे हे, गुरुजी. हिची बडबड फार झाली की मी म्हणायचे, गप बस, नाहीतर वरचे गुरुजी तोंडाला कुलूप ठोकतील. मी हसत म्हणायचे. पोरीनं खरं धरलं."

फाटकाशी गोदा येऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "मीही सांगायचे, जेवली नाहीस तर गुरुजींकडे देऊन टाकीन. आणि दसऱ्याला खरंच देऊन आले. सांगितलंसुद्धा नाही."

गुरुजी मातीतल्या अक्षरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि मी? एवढी मुलं रडत माझ्या दारात आली. ती कशाला भितात, हे मी एकदाही विचारलं नाही."

त्यांनी कमरेची चंची सोडली आणि ठकूपुढे उलटी केली. खडूचा एक तुकडा पडला, थोडी बडीशेप पडली. "बघ, आहे का कुलूप?"

ठकूने चंची चाचपून पाहिली. हात तोंडावरून खाली आले. "मग पाठशाळेला रात्री कुलूप कसं लावता?"

"लावतच नाही. तिथं चोरण्यासारखं काय आहे? अक्षरं! ती कुणीही न्यावीत."

ठकू खुदकन हसली. गुरुजीही हसले, आणि त्यांचे हसणे गावाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी पाठशाळेत ठकूने "ठ" इतक्या जोरात म्हटला, की झाडावरचे पोपट उडाले. पाडव्याला तिला घरी पाठवायचा प्रश्नच उरला नाही.

पण गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. दर अमावास्येला ते खेळघरात येऊन मातीत बसू लागले. मुले त्यांची दाढी ओढत आणि ते ओढू देत. येसूमावशी मोठ्या मुलांना घेऊन वर जाऊ लागली. पाण्याचा माठ कुठे, वहाणा कुठे काढायच्या, बाहेर जायचे असले तर कुणाला सांगायचे, हे मुले खेळता खेळता शिकली. आपली भाकरी आपण सोडायची आणि फडके पुन्हा बांधायचे, हेही मावशीने त्यांच्या हातून करून घेतले. आणि गुरुजींच्या नावाने धाक घालणे तिने कायमचे सोडले.

काही जाणती माणसे कुरकुरली, "एवढे लाड कशाला? आम्ही नाही गेलो रडत रडत?"

गुरुजी त्यांना म्हणाले, "तुम्ही विणकर आहात. मागावरचा जुना ताणा संपत आला की नवा कसा जोडता?"

"एकेक धागा पिळून," एक म्हातारा विणकर म्हणाला. "घाई केली तर सगळा ताणा हातचा जातो."

"मग मूल काय सुतापेक्षा कच्चं असतं, की कमी मोलाचं?"



पुन्हा दसरा आला. मुले आपापली पाटी काखेत घेऊन टेकडी चढली. दारात भिवा नावाचा एक पोरगा आईला बिलगला. त्याची आई डोळा चुकवून पळाली नाही. ती खाली बसली आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी आता मागावर जाते. ऊन पायरीवर आलं की घ्यायला येते." मग ती गेली. भिवा रडला. त्याला कुणी रडू नको म्हटले नाही. ठकूने आपल्या चटईवर त्याला जागा केली आणि येसूमावशी पायरीवर बसून राहिली.

थोड्या वेळाने भिवा बाहेर आला. त्याच्या हाताला खडू लागला होता. तो म्हणाला, "मावशी, तू जा आता. मला काम आहे."

मावशी टेकडी उतरून आली, तर बायकांनी तिला घेरले. "रडली का पोरं?"

"थोडी रडली."

"मग तुझ्या डोळ्यांत पाणी कशाचं?"

"अगं, माझी पोरं आपल्या पायांनी आत गेली," मावशी म्हणाली आणि डोळे न पुसता, मान ताठ करून सगळ्या गल्लीतून चालत गेली.

त्या सालापासून त्या पाठशाळेतून एकही मूल घरी परत पाठवले गेले नाही. दुसऱ्या गावांचे लोक हे बघायला येऊ लागले. गावकरी त्यांना आधी खेळघर दाखवत, मग पाठशाळा, आणि मग आवर्जून ती मधली वाट दाखवत. गावाला सगळ्यात मोठा अभिमान आता त्या वाटेचा होता.

तात्पर्य : मुलाला नव्या दारी धाडताना भीती नव्हे, ओळख सोबत द्यावी.