सालीवरचे टाके

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध शल्यचिकित्सक राहत असत. यामिनी नावाची तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला आली होती. जखमेला टाके घालण्याची तिला फार उत्सुकता. पण सर तिला रुग्णाला हात लावू देईनात.

"सर, मी टाके कधी घालायचे?" शेवटी तिने विचारलेच.

"आजच घाल की!" त्यांनी सुई, दोरा, चिमटा आणि एक केळे तिच्यापुढे ठेवले. "सालीला चीर दे आणि घरी नेऊन शिव."

तिला हसू आले. पण दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून तिने मन लावून साल शिवली. टाके सारख्या अंतरावर, गाठी एका ओळीत. संध्याकाळी ती ते केळे घेऊन आली. सरांनी न पाहताच ते खिडकीत ठेवले.

"बघत नाही का, सर?"

"उद्या बघू."

जे आज पूर्ण झाले, त्यात उद्या काय दिसणार? असा विचार करत ती घरी परतली.

सकाळी टाके जसेच्या तसे होते. मात्र चिरेच्या दोन्ही कडांना काळे डाग उमटले होते.

"इथे तर मी सुई टोचलीच नव्हती!"

"चिमट्याने धरलं होतंस," सर म्हणाले. "तुझं सारं लक्ष सुईकडे होतं. डावा हात किती दाबतोय, हे तुला कळलं नाही. माणसाची त्वचाही अशीच चिरडली जाते आणि जखम भरायला वेळ लागतो. जागा बधिर केलेली असते, त्यामुळे रुग्णालाही ते तेव्हा समजत नाही. काल मी पाहिलं असतं, तर टाक्यांचं कौतुक करून मोकळा झालो असतो."

यामिनी त्या डागांवरून बोट फिरवू लागली. मग म्हणाली, "आणखी केळी आणते."

तिच्या घरी रोज शिकरण होऊ लागले. वडील कंटाळले, पण हळूहळू साली स्वच्छ राहू लागल्या.

एके दिवशी फणस कापताना विळीने तळहात कापलेली एक बाई आली. सरांनी सुई यामिनीच्या हाती दिली. जागा बधिर करून तिने टाके घालायला सुरुवात केली. मध्येच थांबून तिने विचारले, "मावशी, दुखत नाही ना?"

"नाही गं, काहीच कळत नाही."

यामिनीने तरीही चिमट्याची पकड थोडी सैल केली.